विडीचे सूप आणि शाळेचे दप्तर

पूर्व विदर्भातील भंडारा जिल्हा तलावांचा व धानाचा जिल्हा म्हणून सर्वांना परिचित आहे. वैनगंगेचे खोरे, माजी मालगुजारी तलाव, तुमसर तालुक्यातील चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणी, भंडारा शहरातील पितळी भांडी, मोहाडी तालुक्यातील आंधळगावचे कोशाचे कापड ही या जिल्ह्याची भूषणे होत. सन १९९९ च्या १ मे रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला. त्यानंतर भंडारा, मोहाडी, तुमसर, पवनी, साकोली, लाखनी व लाखांदूर हे सात तालुके या जिल्ह्यात राहिले. सन २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या १२ लाखांच्या घरात होती.

या भूषणांच्या यादीत सहसा न येणारा, परंतु दोन-तीन पिढ्या हजारो घरांची चूल पेटती ठेवणारा एक व्यवसाय भंडारा-गोंदियाच्या परिसरात आहे, तो म्हणजे विडी वळण्याचा. जंगलात तेंदूचे पान मुबलक, गावात शेतीच्या हंगामाबाहेर रिकामे हात मुबलक, आणि माल बाहेर नेण्यास रेल्वे, या तीन गोष्टींच्या आधारावर हा उद्योग येथे रुजला. त्याने रोजगार दिला हे नाकारण्याचे कारण नाही. पण तो रोजगार ज्या पद्धतीने घरात आला, त्या पद्धतीमुळे घरातील मूल कामाला कसे जुंपले गेले आणि कायद्याला ते दीर्घकाळ का दिसले नाही, हे समजून घेणे आजही अगत्याचे आहे. बालकांच्या दारिद्र्याचा विचार करताना आपण बहुधा पोषण आहार, गणवेश व शिष्यवृत्ती यांपासून सुरुवात करतो. भंडाऱ्याचा अनुभव असा आहे की, मुलाच्या शाळेचा प्रश्न बऱ्याच अंशी त्याच्या आईबापाच्या कामाचा आणि ते काम वर्षाच्या कोणत्या महिन्यात मिळते याचा प्रश्न असतो.

हजाराचा हिशेब

विडीची मजुरी दिवसावर नसते, हजार नगांवर असते. ठेकेदार पान, तंबाखू आणि सूत देतो. घरची बाई पान भिजवते, पत्र्याचा फर्मा ठेवून ते कात्रीने कापते, मांडीवरील सुपात घेऊन त्यात चिमूटभर तंबाखू भरते, वळते, तोंड दुमडते व सुताने बांधते. पंचवीस विड्यांचा एक कट्टा होतो. चाळीस कट्टे झाले म्हणजे हजार. एकट्या बाईने घरचे पाणी, स्वयंपाक, गुरेढोरे सांभाळून दिवसभरात हजार पूर्ण करणे कठीणच. शिवाय माल देताना वाकड्या, सैल किंवा फाटक्या पानाच्या विड्या 'छाट' म्हणून बाजूला काढल्या जातात. त्यांची मजुरी मिळत नाही. पान कमी पडले किंवा खराब निघाले तर ते भरून काढण्याचा भारही बाईवरच पडतो.

अशा वेळी आठ-नऊ वर्षांची मुलगी शेजारी येऊन बसते. ती पाने कापून देते, तोंडे दुमडते, सूत गुंडाळते. आईचा हजाराचा आकडा त्यामुळे संध्याकाळपर्यंत पुरा होतो. ठेकेदाराच्या वहीत नाव आईचे, आकडा आईचा, मजुरीही आईची. मुलीने किती काम केले याची नोंद कोठेच होत नाही आणि तिला वेगळी मजुरीही मिळत नाही. तिचे श्रम आईच्या आकड्यात विरघळून जातात. म्हणूनच 'आमच्या गावात बालमजूर नाहीत' असे एखाद्या सरपंचांनी मनापासून सांगितले, तर ते खोटे बोलतात असे म्हणता येत नाही. कारखान्यात किंवा हॉटेलात काम करणारे मूल डोळ्यांना दिसते. सुपाजवळ बसलेले मूल मात्र आईला मदत करीत आहे असेच दिसते, आणि तेही खरेच असते.

या कामाचे शरीरावर होणारे परिणाम सर्वज्ञात आहेत. तंबाखूची धूळ श्वासावाटे जाते, तासन्‌तास एका बैठकीत मान खाली घालून बसल्याने पाठ व मान धरते, बोटांची अग्रे सोलतात. वाढत्या वयात हे अधिक बाधते. पण त्याहून मोठी हानी शाळेची होते. हे मूल शाळा एका दिवसात सोडत नाही. प्रथम ते दुपारच्या सुटीनंतर येईनासे होते, नंतर आठवड्यातून तीन दिवस येते, मग चौथी-पाचवीत गेल्यावर त्याला वाचता येत नाही हे उघड होते आणि लाजेने ते घरीच राहते. मुलींच्या बाबतीत हा क्रम अधिक लवकर पूर्ण होतो.

कायदा उंबरठ्यापाशी थांबला

या प्रश्नाकडे शासनाचे लक्ष गेले नव्हते असे मुळीच नाही. भंडारा जिल्हा ज्या मध्यप्रांतात होता तेथे, फॅक्टरी कायद्याच्या कक्षेबाहेर राहिलेल्या विडी, लाख व कातडी कमावण्याच्या कारखान्यांसाठी सन १९३७ मध्येच स्वतंत्र कायदा झाला. पुढच्याच वर्षी, सन १९३८ मध्ये, बालकांना कामास ठेवण्याविषयीचा केंद्रीय कायदा आला. विडी वळणे हे त्याच्या परिशिष्टात नोंदलेले काम होते व बारा वर्षांखालील मुलांना त्यात मनाई करण्यात आली. मात्र घरमालक आपल्या कुटुंबीयांच्या मदतीने, मजूर न लावता काम करीत असेल तर ती मनाई लागू नव्हती. हेतू समजण्यासारखा होता. कुंभाराच्या मुलाने चाकाला हात लावला म्हणून कुंभाराला शिक्षा होऊ नये. परंतु विडीचे काम कुंभारकामासारखे घरचे काम नव्हते. कच्चा माल दुसऱ्याचा, तयार माल दुसऱ्याचा, भाव दुसऱ्याने ठरविलेला. घर तेवढे मजुराचे.

कारखान्यांवर नियम आले तसतसे काम कारखान्यांतून निघून ठेकेदारांमार्फत घरोघरी गेले. सन १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने ही पळवाट ओळखली. घरी माल नेऊन विडी वळणाऱ्या व्यक्तीलाही त्याने कामगार मानले. सर्वोच्च न्यायालयाने सन १९७४ मध्ये हा कायदा वैध ठरविला. सन १९७७ मध्ये विडी उद्योगाला भविष्यनिर्वाह निधीचा कायदा लागू झाला आणि घरी काम करणाऱ्यांनाही त्याचा लाभ द्यावा लागेल हे सन १९८५ च्या निर्णयाने स्पष्ट झाले. हजारो विडी कामगार स्त्रियांच्या दृष्टीने ही मोठी प्राप्ती होती. पण मुलांचे काय? याच १९६६ च्या कायद्याने बालकांना मनाई केली ती 'औद्योगिक परिसरात', आणि औद्योगिक परिसराच्या व्याख्येतून राहते घर वगळलेले होते. म्हणजे त्याच झोपडीत बसलेली आई कामगार ठरली, पण शेजारी बसलेल्या मुलीच्या बाबतीत ती झोपडी कामाची जागा ठरली नाही!

सन १९८६ चा बालकामगार (प्रतिबंध व नियमन) कायदा आला तेव्हाही कुटुंबाच्या मदतीने चालणाऱ्या कामाची सवलत कायम राहिली. ती आवळली गेली सन २०१६ च्या दुरुस्तीने. चौदा वर्षांखालील मुलांना कोणत्याही व्यवसायात कामास ठेवण्यास तिने मनाई केली. कुटुंबाला मदत करण्याची मुभा उरली ती फक्त शाळेच्या वेळेनंतर किंवा सुटीत, आणि तीही परिशिष्टातील धोकादायक कामे वगळून. उंबरठा ओलांडून आत येण्यास कायद्याला अठ्ठ्याहत्तर वर्षे लागली. १९६६ च्या विडी कामगार कायद्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहितांनी घेतली. बालकामगारांविषयीचा १९८६ चा कायदा मात्र स्वतंत्रपणे राहिला आहे.

मुलाच्या बदल्यात प्रौढाला काम

या साऱ्या प्रवासात एक निर्णय विशेष लक्षणीय आहे. सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर १९९६ रोजी एम. सी. मेहता विरुद्ध तमिळनाडू राज्य या खटल्यात असे ठरविले की, धोकादायक उद्योगात बालकाला कामावर ठेवणाऱ्या मालकाने दर बालकामागे २०,००० रुपये पुनर्वसन व कल्याण निधीत भरावेत, आणि त्या बालकाऐवजी त्याच्या कुटुंबातील एका प्रौढ व्यक्तीला शासनाने काम मिळवून द्यावे. काम देणे शक्य नसेल तर शासनाने ५,००० रुपये त्या निधीत घालावेत व मूल शाळेत जात असेतो व्याजाची रक्कम कुटुंबाला द्यावी. खटला शिवकाशीच्या काडेपेट्यांच्या कारखान्यांचा होता, पण तत्त्व सर्वत्र लागू पडणारे होते. मुलाला कामावरून उठविणे व प्रौढाला कामावर लावणे ही एकाच उपाययोजनेची दोन अंगे आहेत, हे देशातील सर्वोच्च न्यायासनाने मान्य केले.

व्यवहारात हा निर्णय विडीच्या घरापर्यंत फारसा पोहोचणे शक्य नव्हते. त्यासाठी मालक सापडावा लागतो, आणि सुपाजवळ बसलेल्या मुलीचा मालक कोण हे वहीत लिहिलेले नसते. शिवाय पंचवीस हजारांचे व्याज म्हणजे महिन्याला किती हे कोणीही हिशेब करून पाहावे. त्यातील कामाच्या हमीचा भाग मात्र महाराष्ट्राला नवा नव्हता.

रोजगार हमी आणि धानाचे वेळापत्रक

सन १९७२-७३ च्या दुष्काळात रोजगार हमी योजनेला राज्यव्यापी स्वरूप आले. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे हे तिचे जनक. सन १९७७ मध्ये तिचा कायदा संमत झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. अकुशल काम मागणाऱ्या ग्रामीण प्रौढाला काम देण्याची जबाबदारी शासनाने कायद्याने पत्करली. कामाच्या ठिकाणी पिण्याचे पाणी, सावली, प्रथमोपचार व लहान मुलांसाठी पाळणाघर यांची तरतूद योजनेत होती. सन २००५ च्या केंद्रीय कायद्याने वर्षातून १०० दिवसांच्या कामाची हमी देशभर दिली, ती बऱ्याच अंशी या अनुभवाच्या पायावर.

दुष्काळी भागात जन्मलेली ही योजना उन्हाळ्यातील मातीकामाला सोयीची आहे. नालाबांध, पाझर तलाव, रस्ते ही कामे कोरड्या जमिनीवर होतात. धानाच्या मुलखाचे वेळापत्रक निराळे आहे. भंडाऱ्यात जुलै ते ऑगस्टच्या पूर्वार्धात रोवणी चालते. त्या दिवसांत मजुरांना मागणी असते, बायांचे जथे एका बांधीतून दुसऱ्या बांधीत जातात. रोवणी संपली की धान कापणीला येईपर्यंत, म्हणजे साधारण ऑक्टोबरअखेरपर्यंत, थोडे निंदण सोडल्यास शेतात काम नसते. बांध्या पाण्याने भरलेल्या, मातीकाम बंद, घरातील साठवणीचे धान्य संपत आलेले. नेमक्या याच आठवड्यांत घरात बसून, छपराखाली, पावसाची पर्वा न करता करता येण्याजोगे काम म्हणजे विडी.

विदर्भातील शाळा उन्हामुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. त्यामुळे शाळेचे पहिले तीन महिने आणि घरातील टंचाईचे तीन महिने एकच ठरतात. रोवणीत मोठी माणसे शेतावर गेली की थोरली मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळण्यास घरी राहते, आणि रोवणी संपली की सुपाजवळ बसते. सप्टेंबर उजाडतो तोवर वर्ग दोन-तीन धडे पुढे गेलेला असतो.

वर्षाचे दुसरे टोकही असेच आहे. एप्रिल-मे हा तेंदूपत्त्याचा हंगाम. सन १९६९ च्या वनोपज व्यापार नियमनाच्या कायद्याने तेंदूपत्त्याचा व्यापार शासनाच्या नियंत्रणाखाली आला. पुढे वनहक्क कायदा, २००६ ने गौण वनोपजावर वननिवासींचा हक्क मान्य केला. पान तोडण्यास पहाटेच निघावे लागते. ऊन चढण्यापूर्वी परतायचे, मग सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे व संध्याकाळी संकलन केंद्रावर द्यायचे. पुडे बांधण्याचे काम घरातील सर्वांचे. एप्रिलमध्ये शाळा सकाळची असते. शाळेची सकाळ आणि जंगलाची सकाळ एकाच वेळी होते, व त्याच सुमारास वार्षिक परीक्षा येतात. त्याआधी मोहफुले वेचण्याचे दिवस येऊन गेलेले असतात, तेही भल्या पहाटेचेच काम. मोहाच्या वा तेंदूच्या हंगामात हाती येणाऱ्या रोख रकमेचे महत्त्व ज्यांनी खेड्यात नोकरी केली आहे त्यांना सांगावयास नको.

तात्पर्य, या जिल्ह्यात रोजगार हमीची कामे निवडताना ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात चालतील अशा कामांचा आग्रह धरावयास हवा. रोपवाटिका व वृक्षलागवड, बांधावरील फळझाडे, तलावांच्या पाळीवरील झुडुपांची सफाई ही कामे पावसाळ्यात होऊ शकतात. तलावांतील मत्स्यबीज संचयनाचाही हाच काळ, आणि ढिवर समाजाच्या मच्छीमार सहकारी संस्थांचा त्याच्याशी पिढीजात संबंध आहे. ऐन व अर्जुन या झाडांवरील कोशाची पैदासही पावसाळ्यात सुरू होऊन हिवाळ्याच्या तोंडाशी संपते, म्हणून पूरक धंदा म्हणून तिची शिफारस नेहमी होते व ती रास्तही आहे. येथे एक सावधगिरी मात्र हवी. झाडावरील अळ्यांना पाखरांपासून राखावे लागते आणि हे काम गोफण घेतलेल्या मुलांकडे सोपविण्याची रीत आहे. विडीचे सूप सुटले आणि हाती गोफण आली, तर मुलाच्या दृष्टीने फरक काय पडला?

ओळखपत्र, शिष्यवृत्ती आणि वही

विडी कामगारांसाठी सन १९७६ मध्ये कल्याण निधीचा कायदा झाला. विड्यांवरील उपकरातून दवाखाने, घरबांधणी साहाय्य व मुलांना शिष्यवृत्ती देण्यात येऊ लागली. सन २०१७ मध्ये वस्तू व सेवा कराबरोबर हा उपकर रद्द झाला आणि त्यानंतर या योजनांचा खर्च अर्थसंकल्पातील तरतुदीवर अवलंबून राहिला. शिष्यवृत्ती पहिलीपासून उच्च शिक्षणापर्यंत आहे. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती संकेतस्थळावर करावा लागतो. पण त्यासाठी आई किंवा वडील विडी कामगार असल्याचे ओळखपत्र हवे, आणि येथेच गाडी अडते. ठेकेदाराच्या वहीत ज्यांचे नावच नाही, किंवा दोन बायांचा माल एकीच्या नावावर चढतो, तेथे दुसरीच्या मुलांचा हक्क बुडतो. शिक्षकांनी शाळेतील विडी कामगारांच्या मुलांची यादी करून त्यांपैकी किती घरांत ओळखपत्र आहे एवढे जरी पाहिले, तरी पुष्कळ गोष्टी उघड होतील.

शाळेत येण्यासाठी मुलांना साहाय्य देण्याचे इतरही प्रयत्न झाले. दारिद्र्यरेषेखालील मागास घटकांतील पहिली ते चौथीच्या मुलींना हजेरीच्या दिवशी एक रुपया देण्याची योजना महाराष्ट्राने सन १९९२ मध्ये सुरू केली. त्या काळी त्या रुपयाला मोल होते. पुढे विडीची मजुरी वाढत गेली, रुपया तेथेच राहिला. शाळेतील शिजविलेल्या आहाराचा परिणाम मात्र निर्विवाद आहे. सन १९९५ मध्ये सुरू झालेली ही योजना आरंभी घरी तांदूळ देण्याची होती. सन २००१ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शाळेतच शिजविलेले अन्न मिळू लागले. घरी दिलेला तांदूळ सर्वांत वाटला जातो, शाळेतील ताट मात्र त्या मुलाचेच असते आणि त्यासाठी त्याला शाळेत यावे लागते.

एक पालक गमावलेल्या किंवा दुर्धर आजाराने पालक अंथरुणाला खिळलेल्या घरांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे. तिचे अनुदान सन २०२३ मध्ये दरमहा २,२५० रुपये झाले. ज्या घरात मुलाचे काम हेच उत्पन्नाचे शेवटचे साधन उरते अशी घरे बहुधा हीच असतात. धाड घालून मूल सोडविले, पण घराला काही दिले नाही, तर ते मूल महिन्याभरात दुसऱ्या घराच्या ओसरीवर त्याच कामाला बसलेले दिसते. प्रस्तुत लेखकाच्या मते कारवाईचा रोख ठेकेदाराकडे असावा आणि आईच्या हाती अर्ज असावा.

विडीचा व्यवसाय पूर्वीसारखा राहिलेला नाही. नव्या पिढीला त्यात रस नाही हे स्वागतार्हच आहे. पण विडी कमी झाली म्हणून प्रश्न मिटत नाही, तो जागा बदलतो. ज्या घरातील काम गेले ते घर नागपूरकडे बांधकामावर किंवा वीटभट्टीवर जाते, आणि मूल सोबत जाते. अशा मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक देण्याची व्यवस्था आहे. ते घेऊन मुलाला नव्या गावच्या शाळेत थेट बसता येते. सन २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा सुटलेल्या मुलाला त्याच्या वयाला योग्य अशा वर्गात प्रवेश व मागे पडलेल्या अभ्यासासाठी विशेष प्रशिक्षण मिळाले पाहिजे. अकरा वर्षांच्या मुलीला दुसरीत बसविणाऱ्या शाळेने हे कलम वाचलेले नसते, असेच म्हणावे लागते.

ग्राम बालसंरक्षण समितीचे अध्यक्षपद सरपंचांकडे असते. समितीची बैठक नुसती कागदावर न होता ऑगस्टमध्ये प्रत्यक्ष व्हावी आणि तीत दोन कागद शेजारी ठेवले जावेत. एक, शाळेचा जुलै-ऑगस्टचा हजेरीपट, ज्यात आठवड्यातून तीन दिवसांपेक्षा कमी आलेल्या मुलांच्या नावांखाली रेघ ओढलेली आहे. दुसरा, ग्रामरोजगार सेवकाकडील काम मागणीची नोंद. रेघ ओढलेल्या किती नावांच्या घरून कामाची मागणी आली आहे, आणि ज्यांच्याकडून आली नाही त्यांना अर्ज कोणी भरून दिला नाही, हे दोन्ही कागद समोर असले की पंधरा मिनिटांत कळते. पुढील वर्षाच्या कामांची यादी १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबरच्या ग्रामसभांच्या सुमारास तयार होते. पावसाळ्यात चालणारी कामे त्या यादीत घालावयाची असतील तर ती याच सभांत सुचवावी लागतात.